आईच्या घराला हीटर

३ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी रंगाच्या कंपनीची आहे. मुकादमाला फुकट मिळाली होती, त्यानं माझ्या अंगावर टाकली. म्हणाला, परवा लॉकरचं दार वाकवलंस, उद्या कुणाचं थोबाड वाकवशील. राग आला की यात लिही, नाहीतर सामान बांध. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळून मला पुढच्या वर्गात ढकलायचे म्हणून. पण लिहिता येतं. आणि राग काय, रोजचाच आहे. डायरी पुरायची नाही.

आजचा राग ताईवर.

गावाहून लांब इथं कामाला आहे मी. रविवारी सुट्टी असते, तेव्हा आईला फोन करतो. तिनंच तसं ठरवून दिलंय. इतर दिवशी करू नकोस म्हणते, मी मागं परसात असते, फोन आत कुठंतरी पडलेला, मग मी उचलला नाही की तुझा जीव टांगणीला. बरं. आज केला तर तिला बोलवेना. चार शब्द झाले की खोकला. काय झालं विचारलं तर म्हणे, धूळ आहे रे घरात. तू आणि धूळ? जिच्या हातातला केर काढायचा झाडू फक्त झोपेत सुटायचा, तिच्या घरात धूळ आली कुठून? यावर हसली, आणि हसण्यातून पुन्हा खोकला निघाला.

धूळबिळ काही नाही, थंडी आहे. ते घर मला ठाऊक आहे. गावाबाहेर, टेकडीच्या पोटाला, बाबांनी एकेक दगड स्वतः घडवून बांधलेलं. बाबा गवंडी होते. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय लांब करून झोपायचो. उन्हाळ्यात सुख, पण हिवाळ्यात तीच भिंत हाडात शिरते. बाबा होते तोवर लाकडं फोडून शेगडी पेटायची. आता आईच्यानं कुऱ्हाड उचलत नाही.

म्हणून ताईला फोन लावला. ती जवळच्याच शहरात असते, नवरा, दोन पोरं, गरम पाण्याचा नळ, सगळं आहे तिला. म्हटलं, आईला हीटर घेऊन देतोय. तर म्हणते, कशाला उगाच, राहू दे. राहू दे म्हणे. आपली आई कुडकुडतेय आणि ही म्हणते राहू दे.

मला कळतं तिचं. दोन वर्षांपूर्वी तिनंच विषय काढला होता की घर बंद करू, आईला मी माझ्याकडे नेते. तेव्हा मी तिला स्वच्छ सांगितलं होतं, ज्या दिवशी बाबांच्या घराला कुलूप लागेल त्या दिवसापासून मला घर नाही, आणि मी परत येणारही नाही. मग फोन भिंतीवर फेकला. तेव्हापासून पुन्हा कुणी तो विषय काढलेला नाही. एकदा नीट झापलं की माणसं सरळ होतात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज शेडमध्ये काम करता करता डोक्यात उजेड पडला.

आम्ही बसगाड्या रंगवतो. रंग मारला की पत्रा वाळवावा लागतो, त्यासाठी चाकं असलेल्या लोखंडी घोडीवर बसवलेले लाल दिवे आहेत. इन्फ्रारेड म्हणतात. दिसायला दिवा, काम भट्टीचं. त्याची तऱ्हा अशी की तो हवा तापवत बसत नाही, समोर जे असेल त्यालाच तापवतो. उन्हात उभं राहिल्यासारखं. दिव्यासमोर हात धरला तर चटका, वीतभर बाजूला घेतला तर गार. म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्याला पहिल्यांदा हेच शिकवतात : आधी पत्रा बघ, मग दिवा लाव.

मग आईला हेच पाहिजे की. बाबांचं घर उंच छताचं, फटींचं. तिथली हवा तापवायला निघालो तर आख्खी टेकडी तापवावी लागेल. त्यापेक्षा नुसती आई तापवावी.

खोलीत वकिलाला सांगितलं. वकील म्हणजे माझ्या वरच्या बंकवर झोपणारा वेल्डर. कुठलीही गोष्ट सांगा, तो आधी तुमच्या बाजूनं भांडतो, मग विरुद्ध बाजूनं, म्हणून वकील. म्हणाला, एकदम बरोबर, शंभर टक्के. भात वाढून घेतला आणि म्हणाला, पण आई हलली तर?

मी म्हटलं, हलून जाणार कुठं? बसेल समोर.

१० नोव्हेंबर, रविवार

आज आईवरच ओरडलो. नको होतं ओरडायला, पण तीही हद्द करते.

हीटर घ्यायचा तर खोलीचं माप पाहिजे. छताची उंची विचारली, तर म्हणे तुला माहीत नाही का? मला कसं माहीत असणार, छत चढलं तेव्हा मी रांगत होतो. व्हिडिओवर घे म्हटलं, मला खोली दाखव, मी अंदाज करतो. म्हणे कॅमेऱ्याला काहीतरी झालंय. बरं, आत अंधार आहे का, लाईट तरी लाव आणि मला सांग कुठली भिंत रिकामी आहे. म्हणे दिवसाढवळ्या लाईट कशाला. आणि लगेच, बॅटरी संपत आली रे, ठेवते. दर रविवारी हिची बॅटरी संपत आलेली. फोन चार्जरला लावून बोलायला काय जातं? यावरून ओरडलो. ती म्हणाली, हो, चुकलं माझं, पुढच्या वेळी लावेन. ही हल्ली कशावरच भांडत नाही. काहीही बोला, हो, बरं, चुकलं. पूर्वी एका शब्दाला दहा ऐकवायची.

आणि आवाज घुमतो तिचा. विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. आवरसावर करून सामान कमी केलं असेल.

खरा राग याच्या पुढचा. संध्याकाळी भावोजींचा मेसेज आला. छताची उंची, खोलीची लांबी, रुंदी, खिडक्या, सगळं व्यवस्थित लिहून. ह्यांना कुणी विचारलं होतं? आणि ही मापं ह्यांच्याकडे आली कशी? मला तर दिसतंय सरळ. घर विकायचं म्हणून मोजून ठेवलंय. जावई तो जावईच.

मापं मात्र उतरवून घेतली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शिफ्ट सुटल्यावर हीटरच्या दुकानात गेलो. अंगावर रंगाचे शिंतोडे होते, तसाच. काचेचं दार, आत भिंतभर हीटर टांगलेले. काही आमच्यासारखे, काचेच्या नळीतून लाल पेटणारे. काही नुसती पांढरी पाटी, चालू आहे की बंद ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही. विकणारी बाई माझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेली. मी मापं पुढं ठेवली आणि लाल नळीचा सर्वांत लांब हीटर दाखवला. हा द्या.

ती म्हणे, घर कुठं आहे? म्हटलं, गावाबाहेर, दगडी. म्हणे, तिथं रोज कुणी राहतं की कधीमधी जाता?

आता हा काय प्रश्न झाला? रोज राहतात म्हटलं, माझी आई राहते. तर म्हणे, मग हा लाल तुमच्या कामाचा नाही. कुणी तासाभरासाठी आलं, बटण दाबलं, ऊब घेतली आणि गेलं, अशा घराला हा उत्तम. दिवसभर राहणाऱ्या माणसाला नाही. ते स्वयंपाकघरात जातील, आंघोळीला जातील, नळीसमोरून हलले की गार. त्या अंथरुणात असतात का, खुर्चीत असतात? दिवसभर नेमक्या कुठं बसतात?

माझं डोकं फिरलं. मला म्हणायचंय, माझ्या आईच्या उठण्याबसण्याची चौकशी हिला कशाला? मी सांगितलं, बाई, मी रोज आठ तास इन्फ्रारेडसमोर उभा असतो, मला शिकवू नका. तर शांतपणे म्हणे, मग तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल, समोर कोण बसतं ते आधी ठरवावं लागतं.

तसाच बाहेर आलो. दार आपटायचं होतं, पण ते हळूहळू बंद होणारं निघालं. तेही माझ्या नशिबी नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आईला विचारलं, तू दिवसभर कुठं बसतेस?

दोनदा हॅलो हॅलो केलं. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणे, बसते म्हणजे, बसते आपली. मीच म्हटलं, खिडकीशी, शिलाईच्या मशीनवर ना? लगेच म्हणे, हो हो, तिथंच, मशीनवर. झालं. एवढं सोपं होतं. आता त्या दुकानातल्या बाईला सांगायला पाहिजे की मला माझी आई कुठं बसते ते माहीत आहे. खिडकीकडे तोंड, डाव्या हाताला भिंत. त्या भिंतीवर हीटर, बरोबर तिच्या खांद्याला ऊब.

बोलता बोलता मागं हॉर्न वाजला. दोनदा लहान, एकदा लांब. भावोजी असाच वाजवतात. मी म्हटलं, भावोजी आलेत का? आई म्हणे, नाही रे, रस्त्यानं कुणी जात असेल. त्या घराच्या पुढं रस्ताच संपतो. कोण कुठं जाणार? म्हणजे हा माणूस दर आठवड्याला तिच्या उरावर येऊन बसत असणार, घर द्या, घर द्या म्हणत. आणि ती बिचारी माझ्यापासून लपवतेय, मला त्रास नको म्हणून.

खोकला तसाच आहे. वाढलाय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

घेतला. लाल नळीचा, लांब. वकील शेवटपर्यंत पांढऱ्या पाटीच्या बाजूनं भांडत होता, म्हणून मी लालच घेतला. आणि जे पेटलेलं डोळ्यांना दिसत नाही त्यावर माझा विश्वास नाही. दुकानातल्या बाईनं बिल करताना एकदाच विचारलं, रोज राहतात म्हणालात ना? म्हटलं, हो. तिनं मान हलवली. आमच्या गावाकडच्या त्यांच्या गोदामातून परस्पर घरी जाणार, आणि तिथलाच वायरमन बसवून देणार.

आईला काही सांगितलं नाही. दार उघडेल तर समोर हीटर घेऊन माणूस उभा. ताईला तर मुळीच नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मुकादमानं मला आज रंगाच्या खोलीतून बाहेर काढलं.

जेवणाच्या सुट्टीत वायरमनचा फोन आला. तोंडाळ माणूस. म्हणे, दादा, तुमच्या हीटरला खिळा ठोकायला आलोय, पण दाराला कुलूप आहे. म्हटलं, आई परसात असेल, हाक मारा. म्हणे, परसात गवत माझ्या कमरेएवढं आहे, त्यात तुमची आई असेल तर मला दिसायची नाही. मी म्हटलं, नीट बोल. तेव्हा जरा वरमला. म्हणे, दादा, खिडकीतून बघितलं, आत काही नाही. आणि खांबावरून वायरच खाली येत नाही. मीटर काढून नेलाय, फळी तेवढी राहिलीय. दीड-दोन वर्षं झाली असतील. तुम्ही पत्ता बरोबर दिलाय ना?

मी म्हटलं, भिंत कशी आहे? म्हणे, भिंत? भिंत एक नंबर. अशी घडाई आता कुणी करत नाही.

पत्ता बरोबर होता.

आईचा फोन बंद. मग ताईला लावला. मी तिला काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही. आईला घराबाहेर काढलं, वीज तोडली, चोर, नवऱ्याची गुलाम, यापेक्षा वाईट. मला दम लागला तेव्हा म्हणाली, "झालं? आई इथं आहे. दोन वर्षं इथंच आहे. आत झोपलीय, औषध घेऊन."

मी विचारलं, मग रविवारी फोन कोण घेतं?

"तीच घेते. तुझा फोन यायचा म्हणून सकाळीच साडी बदलून तयार होते. हे तिला गाडीनं घेऊन जातात, ती कुलूप काढते, आत जाऊन बसते. वीज नाही, शेगडी नाही. तुझं बोलणं संपलं की हे हॉर्न वाजवतात आणि आणतात परत. गेल्या हिवाळ्यात मी म्हटलं, इथूनच बोल, त्याला काय कळतंय. तर म्हणे, मागं पोरांचा आवाज येईल, त्याला कळेल, आणि मग तो येणार नाही."

मी म्हटलं, मला सांगायचं होतं.

"तुला?" ती हसली. बरं हसणं नव्हतं ते. "तुला सांगायला गेलं की तू फोन फोडतोस. आणि आता हीटर पाठवलास. कुठं लावणार होतास तो? आई काय बसचा पत्रा आहे, तू ठेवशील तिथं उभी राहायला?"

मी फोन ठेवला. फोडला नाही. लॉकरही नाही. पण काहीतरी पाहिजे होतं म्हणून रंगाचा रिकामा डबा लाथाडला, तो रिकामा नव्हता. नव्या बसच्या दारावर पिवळा फराटा. मुकादमानं बोटानं बाहेरची वाट दाखवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन वर्षं. दोन वर्षं मला खुळ्यात काढलं सगळ्यांनी. परसातली भाजी कशी आली, खिडकीतून टेकडी कशी दिसते, मशीनवर काय शिवलं, सगळं ऐकवायची मला. आणि मी इकडं लोकांना अभिमानानं सांगायचो, आमची आई एकटी राहते, कुणाच्या दारात गेली नाही.

वकील म्हणाला, तिनं तुझ्यासाठी केलं. नंतर म्हणाला, पण फसवलं हेही खरं. आज दोन्ही बाजूंनी मला राग आला.

ताईचा मेसेज : आईला मी काही सांगितलेलं नाही. तुला कळलंय हे तिला कळता कामा नये, ती हाय खाईल.

म्हणजे आता मीही नाटक करायचं. जमणार नाही. या रविवारी फोन करणार नाही. बसू दे वाट बघत. कळू दे.

१ डिसेंबर, रविवार

नाही केला.

सकाळी कपडे धुतले. जेवलो. वकिलाशी पत्ते खेळलो आणि हरलो. फोन उशीखाली. दुपार कलली तेव्हा ताईचा आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी उचलला तर तिचा आवाज वेगळाच. भांडणाचा नव्हता. म्हणाली, आई सकाळपासून त्या घरात बसलीय. हे तीनदा आत गेले, उठत नाही. म्हणते, त्याचा फोन यायचाय, सुट्टी उशिरा झाली असेल. ताप आहे तिला. ह्यांनी आपला कोट तिच्या अंगावर घातलाय आणि स्वतः नुसत्या शर्टावर दारात उभे आहेत. मी तुझ्या पाया पडते, तिला फोन कर.

केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, कुठं आहेस?"

"घरी."

"कुठल्या घरी?"

तिकडे नुसता श्वास, छातीत अडकत येणारा.

"ताईनं सांगितलं," ती म्हणाली.

"वायरमननं."

"ओरड मग. गप्प राहिलास की मला जास्त भीती वाटते."

मला ओरडताच येईना. एवढंच म्हटलं की ऊठ, भावोजींबरोबर जा. पुढचा फोन मी ताईच्या घरी करीन. कुलूप राहू दे घराला. मी काही म्हणणार नाही.

मला वाटलं ती रडेल, किंवा बरं म्हणेल. ती म्हणाली, "नको."

नको म्हणजे काय?

"मला इथं यायचं असतं. तुझी ताई चांगली आहे, जावई तर मुलासारखा. पण तिथं मी पाणी प्यायला उठले तरी चार जण विचारतात, काय हवंय, काय हवंय. इथं कुणी विचारत नाही. तुझ्या बाबांच्या भिंतीला पाठ लावून बसते तासभर. पहिल्यांदा तुझ्यासाठीच आले. मग माझ्यासाठी यायला लागले. तुझा फोन मला निमित्त झाला रे. ताईला सांगू नकोस हे."

याचा राग करायचा की नाही तेच कळेना. म्हणजे मी इथं तीन दिवस जळतोय की माझ्यापायी ती गारठली, आणि ही सांगते मी निमित्त.

मग विचारलं, खरं सांग, नेमकी कुठं बसतेस? मशीन तर ताईकडे असेल.

म्हणाली, दाराच्या आत, उजव्या हाताला, पालथ्या बादलीवर. घरात तेवढ्या एकाच कोपऱ्यात रेंज येते.

त्यानंतर उठली. भावोजींनी तिच्या हातून फोन घेऊन म्हटलं, नेतो मी, काळजी करू नका. त्यांचे दात वाजत होते. मी बरं म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

दुकानात गेलो. बाईला सांगितलं, रोज राहत नाही. आठवड्यातून एकदा येते. तासभर बसते. दारामागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. तिचा चेहरा बघत होतो, जरा जरी हसली असती तर मी ऐकवणार होतो. हसली नाही. कागदावर कोपरा काढला आणि म्हणाली, मग लालच बरोबर आहे, बटण दाबल्याबरोबर ऊब देतो. फक्त तो लांबडा नको, एवढ्याशा कोपऱ्याला जाळ होईल आणि जुन्या वायरिंगला भार. आखूड घ्या. डोक्याच्या वर, समोरच्या भिंतीवर, तोंड खाली वळवून. अंगावर ऊन पडावं तसं पडलं पाहिजे.

म्हणजे लाल बरोबर होता. मी बरोबर होतो, पण सगळ्या चुकीच्या कारणांनी. यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. वकिलाला सांगितलंच नाही.

लांबडा परत घेतात, आखूड जातो.

८ डिसेंबर, रविवार

फोन ताईच्या घरी केला. आईचा ताप उतरलाय. बोलणं मात्र काही झालं नाही. भाचीनं फोन ओढून घेतला, मामा मामा करत दात पडल्याची हकीकत सांगितली, मग धाकट्यानं तीच हकीकत पुन्हा सांगितली. मागं कुकर, टीव्ही, ताई म्हणतेय आई शाल घे, आई इकडे वारा येतो, आई औषध. आई मधूनच म्हणाली, ऐकतोयस ना? म्हटलं, ऐकतोय. मला तिचं म्हणणं पटलं. माझंही दहा मिनिटांत डोकं उठलं.

मीटर पुन्हा बसवायला भावोजी रजा काढून ऑफिसात खेटे घालतायत. अर्ज आईच्या नावानं पाहिजे, घर बाबांच्या नावानं. हे सगळं मला ताईनं सांगितलं, ते स्वतः बोलले नाहीत. माझ्या लेखी हा माणूस गेल्या महिन्यापर्यंत घर मोजणाराच होता. विचारलं ताईला, मग ती मापं कशाला घेतली होती? म्हणाली, तू आईला विचारत होतास ना, ती दारात येऊन ह्यांना म्हणाली, पटकन मोजून द्या, पोरगा चिडलाय.

१९ डिसेंबर, गुरुवार

वायरमनचा फोन. मीटर बसला. हीटर बसला. म्हणे, दादा, बादलीवर मी स्वतः बसून बघितलं, पाठ गार, छाती गरम, मजा आली. म्हटलं, पाठीला भिंत आहे, ती तिला गारच चालते. म्हणे, आणि बादली काढून खुर्ची ठेवू का? तुमचे भावोजी घेऊन आलेत. मी म्हटलं, आईला विचारा. माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट मी पहिल्यांदा तिच्यावर सोडली.

२२ डिसेंबर, रविवार

आज तिचा फोन आला. मी करायच्या आधीच. इतक्या दिवसांत हे झालं नव्हतं.

मी म्हटलं, बसलीस का, पेटला का? हो म्हणाली. आणि मग सुरू झाली. मला वाटलं हीटरची ऊब डोक्यात गेली. काय बोलली नाही ती? त्या रविवारी मला ताटकळत का ठेवलंस? माझ्या लेकीला चोर म्हणालास, जीभ झडली नाही तुझी? जावयाला एकदा तरी जेवलात का असं विचारलंयस? पगार कुठं घालवतोस, तो वेल्डर कोण, सारखं त्याचंच नाव, दारू पितो का? दाढी केलीस का? मागच्या वर्षी मी सांगितलेला डॉक्टर गाठलास का? सातवीत मास्तरांना उलट बोललास तेही काढलं. कुठं थांबेना. खोकला नाही, धाप नाही, घाई नाही. हॉर्नही वाजला नाही, भावोजी बाहेर झोपले होते म्हणे गाडीत.

मी काय केलंय एवढं? हीटर घेऊन दिला हे तरी बघायचं. मला चिडायलाच तिनं जागा ठेवली नाही, मधे एक शब्द घालू देईल तर शपथ.

मग जरा थांबली. मला वाटलं संपलं. म्हणाली, "आणि काय रे, घराला कुलूप लागलं तर येणार नाही म्हणाला होतास. कुलूप नव्हतं तेव्हा तरी कुठं आलास?"

तिकडून हीटरचा बारीक आवाज येत होता.

शेवटी मी विचारलं, आई, अंगाला ऊब लागतेय ना नीट?

"लागतेय," ती म्हणाली. "विषय बदलू नकोस."